जुन्या सेसनासाठी ‘समकक्ष’ बॅटरी : आमची झालेली फसवणूक

जुनी प्रशिक्षण विमाने सांभाळणाऱ्यांना गाठून, उत्पादन थांबलेल्या विमानांसाठी ‘समकक्ष’ बॅटरी कागदपत्रांसह स्वस्तात देतो असे सांगणारा एक विक्रेता सध्या खानदेशात फिरत आहे. त्याने आमच्या मालकांना ज्या रीतीने फसवले, ती रीत इतरांना ठाऊक असावी म्हणून हे लिहीत आहे.

मी धुळे जिल्ह्यात विमान देखभाल अभियंता म्हणून काम करतो. आमच्याकडे सेसना १५२ हे छोटे प्रशिक्षण विमान आहे. हे विमान १९७७ ते १९८५ या काळात बनत होते. त्याची विद्युत यंत्रणा २८ व्होल्टची असून तिला २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी लागते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या तशाही फार काळ तग धरत नाहीत. जुनी बॅटरी क्षमता-चाचणीत उतरली नाही आणि परदेशातून नवी येईपर्यंत विमान उभे ठेवणे मालकांना परवडणारे नव्हते. विक्रेत्याने नेमकी ही नड हेरली.

त्याचे म्हणणे असे की, व्होल्ट आणि अँपिअर-तास जुळले की बॅटरी चालते. शिवाय पिस्टन इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रावर, पडत असल्याने बॅटरी केवळ स्टार्टरपुरती असते. यातले मॅग्नेटोचे विधान खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. हवेत आल्टरनेटर, म्हणजे उड्डाणात वीज पुरवणारे जनित्र, बंद पडला तर इंजिन चालू राहील, पण रेडिओ, दिवे आणि फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्या) यांचा सगळा भार त्या बॅटरीवरच येतो; म्हणून तर तिची क्षमता ठरावीक मुदतीने मोजली जाते. शिवाय पाण्याच्या बॅटरीच्या जागी बंदिस्त प्रकारची बसवायची झाल्यास वायू बाहेर नेणारी नळी, पेटीतील पकड, चार्जिंगचा व्होल्टेज आणि वजन-संतुलनाची नोंद हे सारे पुन्हा तपासावे लागते.

मालकांचा विश्वास बसला तो मात्र दुसऱ्याच कागदामुळे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००९ मध्ये जुन्या विमानांतील सुटे भाग व साहित्य बदलण्याविषयी २३-२७ क्रमांकाचे सल्लापत्रक काढले होते. त्याची पहिली काही पाने दाखवून, ‘जुन्या विमानांना सूट आहे’ असे त्याने ठासून सांगितले. पत्रक खरे होते, अर्थ खोटा होता. सल्लापत्रक म्हणजे मार्गदर्शन. ते स्वतःहून कोणत्याही भागाला मंजुरी देत नाही. त्यातही भारतात नोंदलेल्या विमानाचा निर्णय आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसारच होतो. बॅटरीचा पार्ट नंबर विमान उत्पादकाच्या सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये असावा लागतो, किंवा तिच्यासाठी विमानाच्या त्या मॉडेलला लागू होणारी एसटीसी (मूळ रचनेत बदल करण्याची अधिकृत मंजुरी) अथवा तशीच मंजुरी असावी लागते, आणि सोबत अधिकृत रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे तो भाग विमानात वापरण्यास योग्य असल्याचा दाखला, यावे लागते. ‘समकक्ष’ हा शब्द विक्रेत्याने पावतीवर लिहून भागत नाही.

‘डॉलर वधारतोय, उद्या हा भाव राहणार नाही’ या घाईत मालकांनी पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली. पावती एका फर्मच्या नावाची आणि बँक खाते भलत्याच व्यक्तीचे, हे त्या घाईत निसटून गेले.

खोके उघडले तेव्हा वरवर सारे चकचकीत होते. आमचा मदतनीस पूर्वी मुंबई-आग्रा महामार्गावरील ट्रकच्या बॅटऱ्यांच्या दुकानात कामाला होता. त्याने टर्मिनलवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “आबा, हाई नवी नही शे.” बोल्टच्या भोकाभोवती पान्याचे बारीक ओरखडे होते आणि खाचेत पांढरी बुकटी होती. लेबलचा कोपरा नखाने उचलताच खाली दुसऱ्या लेबलची कड दिसली. मीटरवर व्होल्टेज २४ च्याही खाली होता; २४ व्होल्टची चांगली, पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी भाराविना साधारण साडेपंचवीस दाखवते.

मग मी सर्टिफिकेट हातात घेतले. अनुक्रमांकाचे आकडे बाकी मजकुरापेक्षा किंचित जाड आणि रेषेच्या जरा वर होते. त्यावर छापलेल्या दूरध्वनीवर चौकशी करण्यात अर्थ नव्हता, कारण तो क्रमांकही बनावट असू शकतो. म्हणून बॅटरीच्या उत्पादकाचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावरून घेऊन प्रत पाठवली. त्यांचे उत्तर स्पष्ट होते : तो अनुक्रमांक वेगळ्याच मॉडेलच्या बॅटरीचा आहे. बॅटरी विमानात बसलीच नाही, ती लाल चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली.

विक्रेत्याने प्रथम ‘बदलून देतो’ म्हटले, नंतर फोन उचलणे बंद केले. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ खाली अर्ज दिला. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी १९३० वर फोन झाला तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत बॅटरी पोहोचेपर्यंतच बराच वेळ गेला होता. पैसे अजून मिळालेले नाहीत.

अशी बॅटरी कोणाकडे आली असल्यास ती रागाच्या भरात भंगारात घालू नये किंवा ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे परत पाठवू नये. खोके, लेबले, सर्टिफिकेट आणि बँकेची पावती एकत्र ठेवावी, अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून उत्पादकाला आणि डीजीसीएला कळवावे. तपासात पुरावा म्हणून तीच वस्तू लागते.