खळ की पांढरा गम? वहीत चिकटवाचिकटवी करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

परवा सांगलीहून धाकट्या मेव्हणीचा फोन, "दाजी, तुम्ही ते वहीत काय काय चिकटवत बसता ना, मी पण सुरू केलंय, पण गम वापरू का तुमची ती मैद्याची घाणेरडी खळ?" घाणेरडी हा शब्द तिच्या बहिणीचा आहे हे वेगळं सांगायला नको. अर्धा तास बोललो तरी तिचं काही ठरेना, शेवटी म्हणाली लिहूनच पाठवा. म्हणून हे लिहितोय, अजून कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

ऑल्टर्ड बुक (जुन्या वही-पुस्तकाच्या पानांवर रंगवून-चिकटवून त्याला नवं रूप देणं), मिक्स्ड मीडिया (रंग, कागद, वस्तू सगळं एकत्र वापरणं), गेसो (रंगाआधी पानाला द्यायचा पांढरा लेप), यावर जास्त बोलत बसत नाही. माझी वही म्हणजे आजोबांच्या दुकानाची जुनी कीर्दवही, लाल कापडी पुठ्ठा, शिलाईचं बाइंडिंग, अर्धी भरलेली अर्धी कोरी. तिच्यात एसटीची जुनी पंच मारलेली तिकिटं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, इथल्या साताऱ्याच्या मोती चौकातून आणलेल्या कंदी पेढ्यांच्या बॉक्सची झाकणं, शर्टाची बटणं, शिवणयंत्राची बॉबिन, जे सापडेल ते जातं. रंग, शिक्के, स्टेन्सिल यावर लोक तासन् तास बोलतात पण चिकटवायचं कशानं यावर कुणी फार बोलत नाही, आणि कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, हा शब्दच मुळात फ्रेंचमधल्या गोंदाच्या शब्दावरून आलाय बघा.

तर सुरुवातीची तीन वर्षं मी पांढराच गम वापरला. सोय म्हणून त्याला तोड नाही. डबी उघडा, थोडं पाणी घाला, ब्रश फिरवा, वाळला की पारदर्शक होतो, वरून एक हात मारला तर वार्निशसारखी चमक पण येते. पेढ्याच्या बॉक्सचं गुळगुळीत झाकण असो की बटण, तो धरतो. ब्रश धुवायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याचा दगड होतो, ती आपली चूक. कागद लावताना जरा वाकडा बसला की सरळ करायला फार वेळ मिळत नाही, ओढायला गेलं की फुगा येतो नाहीतर कोपरा फाटतो, तेही मी चालवून घेत होतो. हात बसला की फुगे कमी येतात.

मग ती ऑगस्टची गोष्ट झाली.

आजीचं एक अंतर्देशीय पत्र होतं, निळं, बॉलपेननं लिहिलेलं, माझ्या वडिलांना मुंबईला पाठवलेलं. ते मी वहीत डाव्या पानावर लावलं, वरून जपणुकीसाठी म्हणून गमचा एक पातळ हात दिला, समोरच्या पानावर अॅक्रिलिक रंग आणि त्याच्यावर पण गम. मे महिन्यात केलं, खडखडीत वाळलं, आठवडाभर उघडंच ठेवलं होतं मी. मग वही बंद करून कपाटात, वर दोन-तीन जाड पुस्तकं. जूनमध्ये पाऊस लागला, आणि साताऱ्याचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूनं ढग उतरले की चार-चार दिवस दोरीवरचा टॉवेल वाळत नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी वही काढली, पान उलटलं आणि चर्रर्र आवाज. मी आपला शहाणा, थांबायच्या ऐवजी अजून जरा ओढलं. पत्राचा वरचा पापुद्रा समोरच्या पानाला चिकटून निघून आला. आता डाव्या पानावर एवढंच वाचता येतं, "पत्र लिहिण्यास". त्याच्यापुढचं "कारण की" आणि पुढची आठ ओळी उजव्या पानावर रंगात पालथ्या पडल्यात. आजीनं पत्र का लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, वडिलांना विचारलं तर ते म्हणाले पैसे मागितले असतील.

हा कुठल्या एका कंपनीच्या गमचा दोष नाही. सगळ्या पांढऱ्या गमचा जीव एकच, पॉलीव्हिनाइल अॅसिटेट, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, आणि ते साधारण 30 ते 40 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, हवेत दमटपणा असला की त्याच्याही आधी. अॅक्रिलिक रंगाची तऱ्हाही तीच. वाळल्यावर हाताला कोरडं लागतं, पण दोन असे पृष्ठभाग समोरासमोर दाबून ठेवले की ते हळूहळू एकमेकांत रुततात. भिंतीवर फ्रेममध्ये लावायचं असेल तर हा प्रश्नच येत नाही. पण वही म्हणजे पानावर पान येणारच, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने हवा ओली. उपाय आहेत म्हणा, मधे बटर पेपर घालायचा, टाल्कम पावडर हलकी पुसायची, मेणाचा पातळ हात द्यायचा. मी सगळं करून बघितलं. बटर पेपर घातला की वही फुगते आणि दर पानाला फरफर आवाज करते, आणि मला ते वही चाळताना अजिबात आवडलं नाही, पण ही माझी खोड असेल.

त्यानंतर खळीकडे वळलो. लहानपणी आकाशकंदील खळीनंच चिकटवायचो की आपण सगळे, मैदा पाण्यात कालवून गॅसवर, गुठळ्या झाल्या तर आईच्या शिव्या. तीच खळ. खळीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती घाई करत नाही. कागद लावला, जरा सरकवला, पुन्हा उचलला, पुन्हा बसवला, ती ऐकून घेते. आमच्या इथल्या एका बाइंडिंगवाल्या काकांनी एक युक्ती सांगितली, खळ लावली की लगेच चिकटवायचं नाही, दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे कागद पाणी पिऊन जेवढा फुगायचा तेवढा फुगून घेतो आणि मग बसवला की नंतर सुरकुती धरत नाही. माझ्या निम्म्या सुरकुत्या या एका वाक्यानं गेल्या. मग वर-खाली कोरा कागद ठेवून पाटा ठेवायचा रात्रभर.

आणि दुसरं, जे माझ्यासाठी निर्णायक ठरलं, वाळलेली खळ समोरच्या पानाला धरत नाही, आणि लावलेलं काही काढायचं झालं तर ओलं फडकं थोडा वेळ ठेवलं की ती सुटते. मागच्या वर्षी एक पंच मारलेलं तिकीट उलटं लागलं होतं, पाचवड-सातारा असावं. दहा मिनिटं ओला टिपकागद ठेवला आणि ते चिमट्यानं अख्खं उचललं, मागच्या आकड्यांसकट. गमनं लावलेलं असतं तर तेही आजीच्या पत्राच्या वाटेनं गेलं असतं.

आता खळीची रड पण सांगतो, नाहीतर मेव्हणी म्हणेल दाजी एकतर्फी बोलतात. खळ टिकत नाही, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, पुढे आंबूस वास, आणि फ्रिज कुणाचा आहे यावरून घरात जे व्हायचं ते होतं. ओल राहिली तर बुरशी. कसर लागते, ती चंदेरी कसर, तिला पीठ म्हणजे मेजवानीच. जुने बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे ते त्यासाठीच, पण ते विष आहे, मी घालत नाही, आणि तुम्हीही स्वयंपाकाच्या भांड्यात तरी अजिबात घालू नका. मी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालतो आणि वही पावसाळ्यात कपाटात कोंबून ठेवत नाही, एवढ्यावर आत्तापर्यंत भागलंय. खळीत पाणी जास्त, त्यामुळे शाईपेनचं अक्षर आणि इंकजेटचा प्रिंट पसरतो. त्याला माझा उपाय झेरॉक्स, टोनर पाण्याला दाद देत नाही. हल्लीची एसटीची मशीनची तिकिटं तर तशीही काही महिन्यांत कोरी होतात, त्यांचीही झेरॉक्सच लावा.

जड वस्तूंना खळ चालत नाही हे उघड आहे. बटण, बॉबिन, वॉशर, बाटलीचं टोपण, पेढ्याच्या बॉक्सचं लॅमिनेशन केलेलं झाकण, इथं गमच. झाकण आधी पॉलिश पेपरनं जरा खरवडून घ्या. बटण तर मी सरळ सुईदोऱ्यानं पानाला शिवतो, दिसतंही छान. म्हणजे गमची डबी माझ्याकडेही आहेच, फेकून दिलेली नाही, फक्त कागदावर कागद असेल तिथं तिला हात लावत नाही.

मैद्याची खळ आणि नुसत्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ यात पण फरक आहे, तो मला उशिरा कळला. मैद्यात तो चिवट भाग असतो, ग्लूटेन, त्यामुळे खळ जाड होते, गुठळ्या धरते, जुनी झाली की पिवळी आणि ताठ. जुने ग्रंथ दुरुस्त करणारे लोक गव्हाचं नुसतं सत्त्व वापरतात, जपानात तर गुंडाळीच्या चित्रांसाठी सत्त्वाची खळ वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं हे आता कुठून मागवायचं, आणि गच्चीवर सासूबाई कुरडया घालत होत्या. कुरडईचा चीक म्हणजे दुसरं काय असतं! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून दिलं की खाली जो पांढराशुभ्र घट्ट थर राहतो तेच ते सत्त्व. चोथ्यात चिवट भाग राहतो. वाटीभर कच्चा चीक मागून घेतला, ताटात पसरून उन्हात वाळवला, चुरून पावडर केली, कोरड्या बरणीत वर्षभर राहिली. लागेल तेव्हा एक चमचा पावडर, चार-पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, आधी दुधासारखं, मग एकदम जड येतं, तिथं थांबायचं नाही, काचेसारखं दिसेपर्यंत ढवळायचं. गार झालं की जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळायचं. इतकी गुळगुळीत खळ मैद्याची कधी होत नाही. आणि एवढीशीच करायची असल्यामुळे फ्रिजचं भांडण पण मिटलं.

तर मेव्हणीबाई, सांगलीला पाऊस आमच्यापेक्षा कमी, त्यामुळे तुझी पानं गमनं कदाचित चिकटणारही नाहीत, माझ्या एका पत्रावरून मी तुला घाबरवतोय असं होऊ नये. कार्ड करणार असशील, भिंतीवर लावणार असशील, किंवा पोरांना सोबत घेऊन बसणार असशील तर खुशाल गम घे. पण तू म्हणालीस की बाबांची जुनी पत्रं लावणार आहेस. त्यांची आधी झेरॉक्स काढ, मूळ पत्र लावायचंच असेल तर कडेच्या एका कोपऱ्यात शाई पसरते का ते ओल्या काडीनं बघून घे, आणि मग खळ. चैत्रात तुझ्या आई कुरडया घालतीलच, त्यांना आत्ताच सांगून ठेव की एक वाटी चीक माझ्यासाठी बाजूला काढा, मीठ-हिंग घालायच्या आधी.