एकेक विषाणू किंवा सूक्ष्म कण प्रकाशाने टिपायचा, तर सूक्ष्मगोलक वापरावा की सूक्ष्मकंकण?
प्रकाशीय तंतूचे टोक वितळवले की पृष्ठताणामुळे त्याचा काचेचा गोलक होतो, आणि त्याच्या कडेने फिरणाऱ्या प्रकाशाची अनुस्पंदन तरंगलांबी (ज्या तरंगलांबीला फेऱ्या जुळून प्रकाश बळावतो ती) एखादा विषाणू चिकटताच किंचित सरकते. २००८ मध्ये इन्फ्लुएंझाचे विषाणू असेच एकेक करून टिपले गेले. मात्र तापमान जरा बदलले तरी तरंगलांबी सरकते, शिवाय कण नेमका कुठे बसला यावरही ती सरक अवलंबून असते.

सिलिकॉन चिपवरील सूक्ष्मकंकणात, म्हणजे काचेच्या अतिसूक्ष्म कड्यात, कण बसल्यावर एका अनुस्पंदनाची दोन होतात. तापमानाने दोन्ही जवळपास सारखीच सरकत असल्याने त्यांच्यातले अंतर टिकते, आणि कणाचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप) ठाऊक असल्यास, तो कुठेही बसला असला तरी, त्याचा आकार काढता येतो. ही युक्ती मला खरोखर सुंदर वाटते. पाण्यात मात्र अनुस्पंदनाच्या रेषा रुंदावतात आणि लहान कणामुळे झालेले दोहोंमधले अंतर त्यांत बुडून जाते. म्हणून द्रव नमुन्यातील विषाणूंसाठी मी गोलकच निवडेन, हवेतील कणांसाठी कंकण.