स्वालबार्ड, अंटार्क्टिका की आर्क्टिक परिषद? ध्रुवीय कारभाराच्या तीन वाटा

आर्क्टिक महासागराच्या मधोमध सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचं पाणी असं आहे, की ते कोणत्याच देशाच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत येत नाही. तिथला बर्फ विरळ होत चालला आहे आणि या पाण्यावर हुकूम कुणाचा, हा प्रश्न दरवर्षी जवळ येतो आहे. चर्चा निघाली की पहिली सूचना ठरलेली असते: अंटार्क्टिकासारखा एक करार करून टाका. वादविवादासाठी, शोधनिबंधासाठी किंवा स्वतःचं मत पक्कं करण्यासाठी तुम्हाला या प्रश्नावर बाजू घ्यायची असेल, तर ती सूचना स्वीकारण्याआधी तिच्या शेजारी आणखी दोन व्यवस्था ठेवून पाहा. एक स्वालबार्डची, १९२० पासूनची. दुसरी सागरी कायदा आणि आर्क्टिक परिषद (उत्तरेकडच्या आठ देशांचा मंच) यांची, जी आज उत्तरेत चालू आहे.

माझा कल आधीच सांगतो. तिन्हींत अंटार्क्टिकाचा करार मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तरीही तो जसाच्या तसा उत्तरेत नेण्याच्या मी विरोधात आहे.

मालकीचं काय केलं?

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या उत्तरेचा द्वीपसमूह. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे कोळशाच्या खाणी होत्या, पण मालक देश नव्हता. नॉर्वे, स्वीडन आणि रशिया यांनी मिळून राज्य करावं, असा मसुदा क्रिस्टियानियात (म्हणजे आजच्या ओस्लोत) १९१०, १९१२ आणि १९१४ अशा तीन बैठकांत चर्चेला आला. तो जुळण्याआधीच पहिलं महायुद्ध पेटलं. युद्धानंतर पॅरिसमध्ये वेगळाच तोडगा निघाला. ९ फेब्रुवारी १९२० च्या करारानं बेटांचं पूर्ण सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं, पण अटी घालून: सही करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना मासेमारी, शिकार, खाणकाम आणि व्यापार यांत सारखे हक्क, नौदलाचे तळ आणि तटबंदी यांना मनाई, आणि तिथे गोळा केलेला कर तिथल्याच कारभारावर खर्च करायचा. ब्रिटिश साम्राज्यातून भारताच्या वतीनंही त्यावर सही झाली, म्हणून भारत या कराराच्या मूळ पक्षांपैकी एक आहे.

अंटार्क्टिकात मालकी कुणालाच दिली नाही, आणि कुणाची काढूनही घेतली नाही. ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांचे दावे होते. त्यांतले ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे दावे तर द्वीपकल्पावर एकमेकांवर चढलेले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी स्वतः दावा केला नव्हता, दुसऱ्यांचा मानलाही नव्हता, पण आपला हक्क राखून ठेवला होता. १ डिसेंबर १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये सही झालेल्या कराराचं चौथं कलम सांगतं, की करारात सहभागी झाल्यानं कुणी आपला दावा सोडत नाही, आणि करार लागू असेपर्यंत तिथे केलेल्या कोणत्याही कामातून नवा दावा उभा राहत नाही की जुना बळकट होत नाही.

उत्तर ध्रुवाचं पाणी या दोन्हींहून निराळं. तिथे मध्यभागी समुद्र आहे आणि भोवती रशिया, कॅनडा, अमेरिका, नॉर्वे आणि (ग्रीनलंडमुळे) डेन्मार्क. किनाऱ्याची मालकी ठरलेलीच आहे. समुद्रतळाचे वाद १९८२ च्या सागरी कायदा संहितेनुसार चालतात. रशियानं २००१ मध्ये, डेन्मार्कनं २०१४ मध्ये आणि कॅनडानं २०१९ मध्ये आपल्या दाव्यांचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या खंडमंच (किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरलेला जमिनीचा भाग) आयोगाकडे दिले आहेत, आणि समुद्रतळावरच्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेपाशी तिघांच्या रेषा एकमेकांत घुसतात. हा आयोग शिफारस करतो. दोन देशांमधली सीमा त्या देशांनाच आखावी लागते.

अंटार्क्टिकाचा करार आपोआप झाला नव्हता

इथे थोडं थांबतो, कारण बाजू निवडणाऱ्याला सर्वांत उपयोगी शिकवण १९४८ ते १९५९ या दहा-बारा वर्षांत आहे. अंटार्क्टिकावर आंतरराष्ट्रीय ताबा असावा, याचे तीन मसुदे टेबलावर होते आणि दोन कोसळले.

पहिला होता संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेचा. अमेरिकी अधिकाऱ्यांनी १९४८ च्या सुमारास त्यावर विचार केला, पण ती व्यवस्था मुळात परतंत्र लोकांसाठी होती आणि इथे लोकच नव्हते. न्यूझीलंडच्या वॉल्टर नॅश यांनी १९५६ मध्ये ती कल्पना पुन्हा मांडली. त्याच वर्षी भारतानं अंटार्क्टिकाचा प्रश्न आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालण्याची मागणी केली, १९५८ मध्ये पुन्हा केली. त्या खंडाचा उपयोग फक्त शांततेसाठी व्हावा, तिथे अणुचाचण्या होऊ नयेत, हा भारताचा आग्रह होता. दावेदारांनी, विशेषतः चिली आणि अर्जेंटिनानं, त्याला विरोध केला आणि विषय मागे घ्यावा लागला.

दुसरा मसुदा आठ देशांच्या संयुक्त राज्याचा. अमेरिकेनं १९४८ मध्ये तो सात दावेदारांपुढे ठेवला. सोव्हिएत संघाला बाहेर ठेवणं हा त्यामागचा एक हेतू होता. चिली आणि अर्जेंटिनानं तो नाकारला, आणि १९५० मध्ये मॉस्कोनं कळवून टाकलं की आम्हाला वगळून केलेली कोणतीही व्यवस्था आम्ही मानणार नाही.

तिसरा मसुदा चिलीचे कायदेपंडित हुलियो एस्कुदेरो यांचा. त्यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं, की दाव्यांचा निकाल लावायच्या भानगडीत पडू नका, काही वर्षं ते आहेत तिथे थांबवा आणि विज्ञानाचं काम चालू द्या. त्या वेळी ही सूचना मागे पडली. मधल्या काळात १९५२ मध्ये होप बे इथे अर्जेंटिनाच्या तुकडीनं ब्रिटिश पथकाच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या. १९५५ मध्ये ब्रिटननं अर्जेंटिना आणि चिली या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, पण त्यांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केला नाही आणि खटले पटावरून काढावे लागले. मग १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात बारा देशांचे शास्त्रज्ञ तिथे एकत्र काम करून आले, आणि एस्कुदेरोंच्या सूचनेला जमीन मिळाली. मे १९५८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निमंत्रणं पाठवली, पडद्याआड सुमारे साठ बैठका झाल्या, आणि मगच परिषद भरली.

म्हणजे 'सगळ्या मानवजातीची मालकी' हा सर्वांत उदात्त मसुदा पडला आणि 'कुणीच काही सोडत नाही' हा तिसरा मसुदा टिकला. भारताची १९५६ ची भूमिका नैतिकदृष्ट्या योग्य होती असं मला मनापासून वाटतं, आणि अणुस्फोटांना बंदी घालणारं पाचवं कलम वाचलं की तिचा आशय करारात आला हेही दिसतं. पण ज्या रूपात ती मांडली होती, त्या रूपात दावेदार ती कधीच मान्य करणार नव्हते.

खनिजं, मासे आणि पैसा

स्वालबार्डनं संपत्ती सर्वांना खुली केली. सोव्हिएत संघानं, आणि नंतर रशियानं, नॉर्वेच्या भूमीवर नॉर्वेच्या कायद्याखाली कोळसा काढला. पिरामिडेन ही त्यांची खाणवस्ती १९९८ मध्ये बंद झाली, बारेन्ट्सबर्ग अजून आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरातही हे चाललं, ही त्या कराराची फार मोठी कमाई आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. अडचण आली ती करारानं न पाहिलेल्या जागी. १९२० मध्ये २०० मैलांची हद्द ही कल्पनाच नव्हती. नॉर्वेनं १९७७ मध्ये बेटांभोवती मत्स्यसंरक्षण क्षेत्र आखलं, आणि समान हक्क त्या पाण्यालाही लागू होतो का, हा वाद सुरू झाला. लाटव्हियाच्या एका कंपनीनं खेकड्यांसाठी दाद मागितली, तेव्हा नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये निकाल दिला की करारातला हक्क १२ मैलांपलीकडच्या खंडमंचाला लागू नाही. हा निकाल नॉर्वेच्याच न्यायालयाचा आहे. बाकीच्या सगळ्या देशांनी तो मानलेला नाही.

अंटार्क्टिकात १९५९ च्या करारानं खनिजांना हातच लावला नव्हता. १९८८ मध्ये वेलिंग्टनला खाणकामाचे नियम ठरवणारी संहिता तयार झाली. वर्षभरातच ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी तिला मान्यता द्यायला नकार दिला आणि ती तिथेच संपली. तिच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल (मूळ कराराला जोडलेला पूरक करार) आला, ज्याच्या सातव्या कलमानं वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांची सगळी कामं बंद केली. एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा, कारण तो चांगल्या चांगल्या लेखांत येतो: २०४८ मध्ये अंटार्क्टिकाचा करार संपत नाही. खाणबंदीही आपोआप उठत नाही. त्या वर्षापासून सल्लागार देशांपैकी (म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेल्या देशांपैकी) कुणीही फेरविचाराची परिषद मागू शकतो, इतकंच. बंदी उठवायची तर आधी खाणकामाची बंधनकारक कायदेव्यवस्था उभी असावी लागते.

आर्क्टिकमध्ये तेल, वायू आणि मासे यांवर देश आधीपासून जगताहेत. २००८ मध्ये पाच किनारी देशांनी ग्रीनलंडमधल्या इलुलिसात इथे जाहीर केलं, की आर्क्टिकसाठी नव्या सर्वंकष कराराची गरज त्यांना वाटत नाही. त्याच वर्षी पुढे युरोपीय संसदेनं अंटार्क्टिकाच्या धर्तीवर आर्क्टिक करार मागितला. ज्यांच्या हातात किनारा आहे, त्यांचं उत्तर इलुलिसातमध्ये लिहिलेलं आहे, आणि भूमिका घेताना ते डोळ्यांआड करता येत नाही.

सैन्य

अंटार्क्टिकात लष्करी तळ, सराव, शस्त्रचाचण्या बंद, आणि कोणताही सल्लागार देश कुणाच्याही तळाची केव्हाही तपासणी करू शकतो. शीतयुद्धात अशी मोकळी तपासणी मान्य होणं ही साधी गोष्ट नव्हती. स्वालबार्डला लष्करी वापराची मनाई आहे, पण तपासणीची यंत्रणा नाही. आर्क्टिक परिषदेच्या १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्यात तर तळटीपच आहे की परिषद लष्करी सुरक्षेत पडणार नाही. कोला द्वीपकल्पावर रशियाचं उत्तर आरमार आहे, ग्रीनलंडमध्ये अमेरिकेचा तळ आहे. निःशस्त्र आर्क्टिक मला हवाच आहे, पण या दोघांना तिथून हलवणारं कलम आज कुणी लिहू शकेल असं दिसत नाही.

टेबलावर कोण बसतं, आणि भांडण झालं की काय होतं

अंटार्क्टिकाच्या करारात पन्नासहून अधिक देश आहेत, पण निर्णयाचा हक्क २९ सल्लागार देशांना. तिथे भरीव संशोधन करून दाखवलं की ही जागा मिळते. भारत १९८३ मध्ये तिथे पोचला. मलेशियाच्या महाथीर मोहम्मद यांनी १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत या व्यवस्थेला श्रीमंतांचा गट ठरवून आव्हान दिलं. २०११ मध्ये मलेशियानंही करार स्वीकारला. निर्णय एकमतानं होतात, त्यामुळे एक-दोन देश अडून बसले की काम थांबतं. रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झालं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव रशिया आणि चीनच्या विरोधामुळे वर्षानुवर्षं पडून आहेत.

आर्क्टिक परिषदेत आठ देश, आणि त्यांच्या बरोबरीनं टेबलावर सहा आदिवासी संघटना. निर्णयाआधी त्यांच्याशी पूर्ण सल्लामसलत व्हावी लागते. बाकी दोन्ही व्यवस्थांत असं काही नाही, आणि आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख लोक राहतात हे लक्षात घेतलं तर त्याचं महत्त्व कळतं. भारत, चीन वगैरे देश २०१३ पासून निरीक्षक आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर सात सदस्यांनी रशियासोबतचं काम थांबवलं आणि परिषद जवळपास ठप्प झाली. पुढे ते काम थोडं थोडं सुरू झालं. अंटार्क्टिकाच्या बैठका मात्र त्या काळातही भरत राहिल्या.

स्वालबार्डला कायमचं टेबलच नाही. कारभार नॉर्वे करतं, तक्रार असेल तर त्या देशानं नॉर्वेकडे करायची. १९४४ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांकडे बेटांवर संयुक्त राज्याची आणि बेअर आयलंडची मागणी केली. १९४७ मध्ये नॉर्वेच्या संसदेनं ती फेटाळली. करार तरला.

मग कोणती बाजू घ्यावी?

तुमचा प्रश्न एखाद्या बेटाचा किंवा जमिनीच्या तुकड्याचा असेल, जिथे एका शेजाऱ्यावर इतरांचा बऱ्यापैकी विश्वास आहे, तर स्वालबार्डचा नमुना घ्या. त्यात हक्क आणि बंधन यांची सांगड फार नीट आहे. जिथे दावेदार अनेक, वस्ती नाही आणि संपत्ती अजून कुणाच्या हाती लागलेली नाही, तिथे अंटार्क्टिका. मध्य आर्क्टिकच्या समुद्रतळाला यांतलं काहीच लागू पडत नाही. तिघांचे दावे मान्य झाले तर वाटायला फारच थोडा तळ उरतो.

पण वरचं पाणी उरतं, आणि तिथे चौथी वाट आधीच सुरू झाली आहे. बेरिंग समुद्राच्या मधल्या खुल्या भागात पोलॉक माशांची बेसुमार मासेमारी झाली, साठा कोसळला आणि करार १९९४ मध्ये, म्हणजे मासे गेल्यावर झाला. हा अनुभव ताजा असताना मध्य आर्क्टिकसाठी उलटा क्रम लावला गेला. ३ ऑक्टोबर २०१८ ला इलुलिसातलाच, तिथे व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधी, ती न करण्याचा बंधनकारक करार झाला. पाच किनारी देशांसोबत त्यात चीन, जपान, दक्षिण कोरिया, आइसलँड आणि युरोपीय संघ आहेत. एस्कुदेरोंची युक्तीच ही: हक्काचा वाद बाजूला, आधी शास्त्रज्ञांचं काम. मी याच बाजूनं आहे, म्हणजे एकेका विषयावरचे असे छोटे, बंधनकारक करार, नफा दिसायला लागण्याआधी केलेले.

या करारात उणिवाही आहेत. दहाच पक्ष आहेत, भारत त्यात नाही, आणि जहाजवाहतूक किंवा प्रदूषण त्याच्या कक्षेत येत नाही. तो २५ जून २०२१ ला लागू झाला, पहिली मुदत १६ वर्षांची. २०३७ नंतर तो दर ५ वर्षांनी वाढत जातो, पण एका पक्षानं जरी रीतसर आक्षेप घेतला तरी वाढ होत नाही. तुम्ही या बाजूनं लिहिणार असाल, तर मागणी दोन गोष्टींची करा: आक्षेपाची ही तरतूद २०३७ च्या आधी बदलावी, आणि मध्य आर्क्टिकमधून जाणाऱ्या जहाजांसाठी याच धर्तीचा दुसरा करार, जास्त देशांना सामील करून, आत्ताच मांडावा.