विश्रामबागमधला बायोइन्फॉर्मेटिक्सचा क्लास: चार महिने जाऊन आले, त्याबद्दल

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झाल्यावर चार महिने, दर शनिवार-रविवार, तासगावहून एसटीने सांगलीला हा क्लास केला. पर्यावरण आणि आरोग्याच्या संशोधनासाठी बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जनुकांचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं. फी १४ हजार. पुढे तक्रारी आहेत म्हणून नाव लिहीत नाही.

पहिले तीन आठवडे नुसतं लिनक्स, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायचा. आई म्हणायची, "एवढे पैसे भरून टायपिंग शिकायला जातीस व्हय गं?"

चौथ्या आठवड्यात सरांनी सरावाला मातीतल्या जिवाणूंचा १६एस डेटा दिला (१६एस हे सगळ्या जिवाणूंत असणारं जनुक, त्यावरून कुठला जिवाणू ते ओळखतात). तांबं जास्त असलेली माती आणि साधी माती. आलेखात दोन गट असे सुटे पडले की मी खूश. सरांनी मेटाडेटाची, म्हणजे कुठला नमुना कधी-कसा तपासला त्याची, शीट उघडली. तांब्याचे सगळे नमुने सिक्वेन्सिंग मशीनच्या एका रनमध्ये (एका फेरीत), साधे सगळे दुसऱ्या. "एका बागेचा बेदाणा तासगावच्या काट्यावर तोलला, दुसऱ्याचा सांगलीच्या. आता फरक बागेचा की काट्याचा?" माझी फी तिथेच वसूल झाली.

मला हे लागलं, कारण डावण्या या द्राक्षावरच्या रोगासाठी आमच्या बागेतही बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं कुजून जात नाही, मातीत साचतं. तांबं सोसायची जनुकं आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या गोलावर) असतात, त्यामुळे तांब्यात जो जिवाणू तगतो तो दुसरंही सोबत घेऊन तगतो. पण १६एसवरून मातीत कोण आहे तेवढंच कळतं, त्याच्याकडे कुठली जनुकं आहेत ते नाही. त्यासाठी शॉटगन सिक्वेन्सिंग (नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणं) आणि अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जनुकांची यादी असलेला कार्ड डेटाबेस लागतो, आणि नेमका हाच भाग दोन रविवारांत उरकला. संख्याशास्त्र तर त्याहून कमी.

दुसरी तक्रार मशीनची. ८ जीबी रॅमवर सिल्वाचा क्लासिफायर (१६एसवरून जिवाणूचं नाव लावणारा प्रोग्राम) लावायचा आणि मेमरी संपून प्रोग्राम बंद पडला की पडद्यावर 'किल्ड' बघायचं! विचारलं तर "नवीन मशीन येणार आहेत." चार महिने येतच होती. शेवटी प्रोजेक्ट गॅलक्सी या वेबसाइटवर केला; ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि जड काम त्यांच्या सर्व्हरवर होतं.

पप्पांनी विचारलं, "मग बोर्डो बंद करू का?" म्हटलं, आपल्या मातीचा नमुना अजून घेतलाय कुठं.

जाणार असाल तर स्वतःचा १६ जीबीचा लॅपटॉप न्या, आणि रविवारच्या बॅचला मागे बसू नका, प्रोजेक्टर तिथून दिसत नाही.