कांडपाच्या दुकानाला ॲप करून घेतलं त्याचा रिव्ह्यू, ॲडव्हान्स द्यायच्या आधी वाचा

आमचं कऱ्हाडला मिरची कांडप आणि मसाल्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी चालू केलेलं. मिरची कुटायचे दोन डंक, एक गिरणी, वर भाजणी, मेतकूट, थालीपीठ पीठ असलं सगळं. फेब्रुवारी ते मे जेवायला वेळ नसतो आणि श्रावणात माशा मारत बसतो असा धंदा. कांदा-लसूण चटणीचं गिऱ्हाईक मात्र कऱ्हाडपेक्षा पुण्या-मुंबईत जास्त, इथली माणसं तिकडं गेली ना, पण चव काय बदलली नाही.

ॲपचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं ते एका लग्नात. कुठल्यातरी पाव्हण्यानं फोन काढून दाखवला, बघा आमच्या डेअरीचं ॲप. झालं. घरी येईपर्यंत आमच्या ॲपचं नाव पण ठरलं होतं. कुणी वापरणार, कशाला वापरणार हे काही विचारायचं नाही, आधी लोगो.

मग एक एजन्सी गाठली, नाव लिहित नाही कारण मला भांडण नको. त्यांनी तीन प्लॅन दाखवले, हॉटेलातल्या साधी थाळी, स्पेशल थाळी, महाराजा थाळीसारखे. महाराजा म्हणजे नेटिव्ह, अँड्रॉइडला वेगळं कोटलिन नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणार आणि आयफोनला वेगळं स्विफ्ट नावाच्या भाषेत, म्हणजे दोन चुली, दोन स्वयंपाकी, आणि दर दुरुस्तीला दोनदा पैसे. २ लाख ४० हजार म्हणाले. मी सरळ नाही म्हणलं. मग स्पेशल थाळी म्हणजे ‘हायब्रिड’, ६५ हजारात दोन्ही फोनवर चालेल. आम्ही खूष.

इथं पहिली गोची. हायब्रिड ह्या शब्दाखाली लोक काहीही विकतात. एक असतं फ्लटर नाहीतर रिॲक्ट नेटिव्ह असल्या साधनांत केलेलं, एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडं चालतं, तो प्रामाणिक प्रकार आहे, बऱ्याच मोठ्या कंपन्या वापरतात. आणि दुसरं असतं वेबसाइटलाच ॲपचं कव्हर, जुन्या उशीला नवा अभ्रा. आम्हाला अभ्रा मिळाला. ओळखायची सोपी युक्ती मला नंतर कळली: एजन्सीनं आधी केलेलं एखादं ॲप मागायचं, फोनचं नेट बंद करून ते उघडायचं, पांढरं पान नाहीतर वेबसाइटसारखी एरर आली की शंका घ्यायची, आणि नेट चालू करून कुठल्यापण अक्षरांवर बोट दाबून धरायचं, वेबसाइटवर होतात तशी सगळीकडं अक्षरं निळी सिलेक्ट व्हायला लागली की समजायचं उशी जुनीच आहे.

आम्हाला नाही समजलं पण ॲपलला समजलं. त्यांच्या नियमातच आहे की नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून आणाल तर घेणार नाही, आमचं दोनदा परत आलं. तिकडची डेव्हलपर फी वर्षाला ९९ डॉलर, ती गेली ती गेलीच. गूगलची २५ डॉलर, एकदाच भरायची, पण आता नवीन वैयक्तिक अकाउंटला आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यायला लावतात. मी नणंदा, भाचे, शेजारच्या टेलरची मुलगी असे मोजून १२ जमवले, त्यातला एक भाचा नवव्या दिवशी बाहेर पडला, परत पहिल्यापासून. त्याला दिवाळीला चिवडा देताना माझा हात जरा आखडलाच. शेवटी एजन्सी म्हणाली सोडा ते, आमच्या अकाउंटवरून टाकतो, लगेच होईल. आम्ही हो म्हणलं. ही दुसरी आणि सगळ्यात मोठी चूक, ती पुढं सांगते.

ॲप आलं. दुकानात बोर्ड लावला, पुड्यात चिठ्ठ्या टाकल्या, पहिल्या डाउनलोडला ५० ग्रॅम मेतकूट फ्री. अख्ख्या सीझनमधे १४० डाउनलोड झाले आणि ऑर्डरी किती, ११. मेतकूट संपलं.

डोंबिवलीच्या एक मावशी आहेत, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांना फोन करून विचारलं, मावशी ॲप बघितलं का. म्हणाल्या, “अगं बघितलं, पण माझ्या फोनात नातवाचे फोटोच बसत नाहीत, आणि चटणी मी वर्षातून एकदा घेते, तेवढ्यासाठी ते ठेवून घेऊ होय? मी तुला व्हॉट्सॲपवर बोलून ठेवते की.” ६५ हजार घालवून जे कळलं नाही ते मावशींनी एका मिनिटात सांगितलं. दूधवाल्याचं ॲप चालतं कारण दूध रोज लागतं, उद्या अर्धा लिटर जास्त दे, परवा नको, त्याला ॲप पाहिजेच. चटणी वर्षातून एकदा, भाजणी फार तर दोनदा. मिंत्रासारख्या कंपनीनं २०१५ मधे वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं, पुढच्या वर्षी वेबसाइट परत आणली. तिथं आम्ही कोण.

तर एजन्सीच्या ॲपला पाचपैकी एक स्टार. तो पण लोगो चांगला केला म्हणून.

त्यानंतर इथलाच एक मुलगा भेटला, इंजिनिअरिंग झालेला, घरून कामं करतो. तो ऐकून घेतल्यावर पहिलं काय म्हणाला तर, वहिनी तुम्हाला ॲप नकोच आहे. मला वाटलं काम नाही म्हणतोय. पण त्यानं पीडब्ल्यूए करून दिलं, म्हणजे वेबसाइटच, पण लिंक उघडली की ॲपसारखी दिसते, पाहिजे असेल तर होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो, स्टोअर नाही, डाउनलोड नाही, कुणाची परवानगी नाही. फ्लिपकार्टनं पण २०१५ लाच मोबाइलसाठी असलंच केलं होतं म्हणाला. खर्च २२ हजार. सगळ्यात चांगली आयडिया त्याची ही की क्यूआर कोड दुकानात नाही, पुड्यावरच छापायचा. चटणी संपते तेव्हा बाई दुकानात नसते, कल्याणला नाहीतर हडपसरला ओट्यापाशी उभी असते आणि हातात तोच रिकामा पुडा असतो. स्कॅन केलं की सरळ तीच चटणी, तेवढंच वजन, पैसे यूपीआयनं.

तक्रार आहेच. आयफोनवर ते होम स्क्रीनवर ठेवायचं बटण शेअरच्या मेनूत असं दडवलंय की माझ्या स्वतःच्या जावेला सापडलं नाही. आणि आयफोनवर नोटिफिकेशन पाठवायची सोय २०२३ मधल्या १६.४ व्हर्जनपासून आली, ती पण आयकॉन ठेवला असेल तरच. म्हणजे ‘नवीन बेडगी आली’ हे आयफोनवाल्यांना सांगायला मला परत व्हॉट्सॲपच. तिथं कॅटलॉग फुकट आहे, झकास आहे, ज्यांची उलाढाल अजून लहान आहे त्यांनी खरं तर तिथंच थांबावं. फक्त ब्रॉडकास्ट एका लिस्टला २५६ जणांनाच जातो आणि तो पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच, आणि व्हॉइस नोटा ऐकायला माणूस बसवावा लागतो, तो माणूस मी. पीडब्ल्यूएला चार स्टार, व्हॉट्सॲपला साडेतीन.

आता गंमत ऐका. एवढं बोलून मी शेवटी नेटिव्ह ॲप पण घेतलंच. पण गिऱ्हाइकासाठी नाही, काउंटरसाठी.

आमच्याकडं लोक स्वतःची मिरची, स्वतःचे डबे घेऊन येतात. डब्यात नावाची चिठ्ठी टाकायची पद्धत, ती तेलानं भिजते, वर मिरचीची धूळ, अक्षर अण्णांचं. दोन वर्षांपूर्वी दोन पाटील वहिनींचे डबे बदलले. एकीची सगळी बेडगी, रंगाला लाल आणि तिखटाला गरीब, घरात लहान पोरं म्हणून. दुसरीची संकेश्वरी आणि लवंगी, सासऱ्यांना झणझणीत लागतं म्हणून. पुढचं सांगत नाही, एवढंच की पहिल्या वहिनी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या तेव्हा आवाज चौकापर्यंत गेला, आणि बरोबर होत्या बिचाऱ्या.

त्याच मुलाला हे सांगितलं. त्यानं आधी पीडब्ल्यूएमधेच करून बघितलं, पण आमचा ब्लूटूथचा स्वस्तातला पावती प्रिंटर काही जोडला जाईना, ब्राउजर तेव्हा फक्त कमी पॉवरच्या नव्या पद्धतीच्या ब्लूटूथशी बोलायचा म्हणे, आणि आपला प्रिंटर जुन्या पद्धतीचा. तिथं फोनमधे बसवायच्या खऱ्या ॲपशिवाय गत्यंतर नव्हतं. मग फक्त अँड्रॉइडचं, कोटलिनमधलं, चार स्क्रीनचं छोटं ॲप: नाव, मिरची कुठली, वजन, मसाला भाजलेला का कच्चा. बटण दाबलं की दोन चिठ्ठ्या निघतात, एक डब्याला चिकटवायची, एक गिऱ्हाइकाला. नेट नसलं तरी चालतं, आलं की आपोआप वर चढवतं. आयफोनचा प्रश्नच नाही कारण फोन आपला, जुना, कडेला तडा गेलेला. प्ले स्टोअरवर टाकलंच नाही, सरळ फोनमधे इन्स्टॉल केलं, १२ माणसं जमवायची कटकट नाही. १८ हजार. साडेचार स्टार, अर्धा कापला कारण ‘भाजलेला’ आणि ‘कच्चा’ ही दोन बटणं इतकी जवळ आहेत की मिरचीच्या हातानं चुकीचं दाबलं जातं, सांगून महिना झाला.

आता ती मोठी चूक. पहिलं ॲप एजन्सीच्या अकाउंटवर होतं ना, ते बंद करा नाहीतर आमच्या नावावर करा म्हणलं तर ट्रान्सफरचे वेगळे पैसे मागितले, सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, तर करारात नव्हताच. गूगलमधे ॲप एका अकाउंटवरून दुसऱ्यावर देता येतं, पण देणाऱ्याच्या मनात पाहिजे. तेव्हा अकाउंट स्वतःच्या ईमेलवर, कोड आणि ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली (साइनिंग की) स्वतःकडं, आणि हे ॲडव्हान्सच्या आधी कागदावर. वर्षाच्या मेंटेनन्सचा आकडा पण तेव्हाच विचारा, कारण प्ले स्टोअर दर वर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे ॲप अपडेट करायला लावतं आणि ते फुकट कुणी करत नाही. आमचं ते जुनं ॲप अजून तिथंच आहे, मागच्या वर्षीचा भाव दाखवत. कुणाला दिसलं तर त्यावरून मागवू नका, पुड्यावरचा कोड वापरा.

अण्णा अजून वहीत लिहितात. चिठ्ठी निघते, डब्याला लागते, आणि ते शेजारी बसून तेच परत वहीत उतरवतात, मी बोलायचं सोडून दिलंय. परवा सकाळपासून लाइट नव्हती, डंक बंद पण डबे येतच होते, दुपारी काउंटरचा फोन गेला, चार्ज करायला काय नाही. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं पेन माझ्याकडं सरकवलं.