बाइकच्या अ‍ॅल्युमिनियमवरचा पांढरा गंज: हाताने पॉलिश, ब्लास्टिंग की पावडर कोटिंग?

अलिबाग, मालवण, पणजी किंवा कुलाबा, जिथे वारा खारा तिथे बाइकचं इंजिन कव्हर लवकर पांढुरकं पडतं. ते साफ करायचे मार्ग अनेक आहेत, पण निवड साफ करण्याची नसून नंतरच्या देखभालीची आहे. चकचकीत कव्हर हवं असेल आणि दर दोन महिन्यांनी अर्धा तास द्यायची तयारी असेल, तर हाताने पॉलिश करून मेण लावा. गाडी धुण्यापलीकडे काही करायचं नसेल, तर कव्हर ब्लास्ट करून (दाबाच्या हवेने बारीक कण मारून खरवडून) रंग किंवा पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड मारून ती भट्टीत पक्की करणं. या दोहोंच्या मधला, सगळ्यांना आवडणारा मार्ग म्हणजे पॉलिश करून वर क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर (क्लिअर कोट). किनाऱ्यावर नेमका तोच टाळावा. कारण खाली येतंच.

आधी आपल्या कव्हरवर काय आहे ते बघा. पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे आणि तो काढल्याशिवाय कितीही पॉलिश घासलं तरी खालच्या गंजापर्यंत ते पोचणार नाही. क्लिअर कोटखाली किड्याने पान पोखरावं तशा बारीक वळणदार रेषा दिसत असतील, तर गंज लॅकरखालून सरकतो आहे. दगडाचा एक टवका उडाला की तिथून खारट ओल आत शिरते आणि पुढे पसरत जाते. वरून पुसून, मेण लावून ते थांबत नाही. पॉलिश केलेल्या गुळगुळीत धातूवर लॅकरची पकडही मुळात कमी असते. पेंट रिमूव्हर लावून पूर्ण थर उतरवणं एवढाच उपाय.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो आणि तोच त्याला वाचवतो. साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे तटस्थ) तो टिकतो, त्यापलीकडे विरघळतो. मीठातलं क्लोराइड मात्र सौम्य पाण्यातही त्याला भोकं पाडतं. त्यात ओतीव कव्हरं बहुधा एडीसी १२ सारख्या मिश्रधातूची असतात. त्यात सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के आणि तांबं १.५ ते ३.५ टक्के. ओतायला सोपा, पण तांब्यामुळे गंजाला कच्चा.

साफसफाईची सुरुवात रसायनाने करायची तर सायट्रिक आम्ल पुरे: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. इंजिन थंड असताना ब्रशने लावा, १० मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा. सुकू देऊ नका, नाहीतर डाग बसतो. पांढरी पूड सुटते, खड्डे मात्र तसेच राहतात. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा जवळही आणू नका. अल्कलीत अ‍ॅल्युमिनियम बुडबुडे सोडत झिजतं आणि राखाडी पडतं. संडास साफ करायच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाने पहिल्या मिनिटाला उजळ दिसतं, पण खड्ड्यात क्लोराइड सोडून जातं, म्हणजे नवीन गंजाची पेरणीच. ‘अ‍ॅलॉय ब्राइटनर’ म्हणून मिळणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. त्याने कातडी भाजलेली उशिरा कळते आणि जखम खोलवर जाते. डब्यावर ते नाव दिसलं तर बाटली परत ठेवा.

आता घासणं. कव्हरवर नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर करड्या रंगाची बारीक नायलॉन घासणी आणि मेटल पॉलिश एवढ्यात काम होतं. अडकत असेल तर वॉटर पेपर. ४०० नंबर फक्त खड्ड्याच्या जागी, मग सगळीकडे ६००, ८००, १०००, १५००, २०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. दर नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदला, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे उरलेत का ते लगेच दिसतं. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हाती घ्यायचा नाही. ४०० वरून थेट १००० वर उडी मारली की पॉलिश झाल्यावर उन्हात सगळे ओरखडे वर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. प्रत्येक नंबरनंतर कव्हर धुवा आणि पाणीही बदला, कारण जाड कण बादलीत उरतात. तारेची लोखंडी घासणी वापरू नका. तिचे कण मऊ धातूत रुततात आणि पहिल्या पावसात तपकिरी ठिपके उमटतात.

बफवाल्याकडे दिलं तर हेच काम तासाभरात होतं आणि आरशासारखं होतं. पण त्यासाठी कव्हर काढावं लागतं. ऑइल काढा, बोल्ट त्यांच्या लांबीप्रमाणे पुठ्ठ्यावर खोचून ठेवा, पॅकिंग नवीन आणा. बफवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: पॅकिंग बसते ती कड बफला लावायची नाही आणि उठावाची अक्षरं झिजवायची नाहीत. बोल्टच्या भोकांभोवती बफ ओढला की कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत. लोखंड घासायच्या व्हीलवर अ‍ॅल्युमिनियम लावणारा असेल तर दुसरा शोधा. लोखंडाचे कण रुततात हे एक, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पुडीवर ठिणग्या पडणं हे आगीचं कारण.

ब्लास्टिंगचं वेगळंच. फिन्स, खाचा, कार्ब्युरेटरची बॉडी, जिथे बोट जात नाही तिथे त्याला पर्याय नाही. साधी वाळू नको, ती पृष्ठभाग खरवडून काढते. काचेचे मणी, साधारण ३० ते ५० पीएसआय दाबाने. पाण्यासोबत मणी मारणारं वेपर ब्लास्टिंग जवळ मिळत असेल तर ते घ्या, पोत जास्त मऊ येतो. धोका आतला आहे: एखादा मणी ऑइलच्या वाटेत राहिला तर बेअरिंग गेलं. म्हणून आटे, ऑइलच्या वाटा आणि बेअरिंगच्या जागा रबरी बुचांनी बंद करून द्या, आणि परत आल्यावर केरोसीनने धुऊन प्रत्येक भोकात हवा मारा. ब्लास्ट केलेलं कव्हर तसंच लावलं तर सुंदर दिसतं, पण त्या खरखरीत पोतात मीठ आणि चिखल जास्त धरतो. किनाऱ्यावर ही शेवटची पायरी नव्हे, रंगाची तयारी आहे.

रंग कोणता? पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉन बसतो आणि तो दगडाला चांगला टिकतो. भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यामुळे ऑइल सील आणि बेअरिंग आधी काढावेच लागतात. जुन्या ओतीव कव्हरच्या छिद्रांत मुरलेलं ऑइल भट्टीत बाहेर येतं आणि रंगावर फोड येतात. पावडर मारण्याआधी भाग रिकामाच भट्टीत तापवून परत पुसायला सांगा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला काम देऊ नका. बोल्टच्या डोक्याखाली आणि जोडाच्या कडेला पावडर नको, दाबाने थर बसतो आणि बोल्ट सैल होतो.

भट्टी जवळ नसेल तर एपॉक्सी प्रायमरवर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) पॉलियुरेथेन रंग हा चांगला पर्याय. पेट्रोल सांडलं तरी सुटत नाही, स्प्रे कॅनच्या साध्या लॅकरचं तसं नसतं. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं, घरच्या बाल्कनीत मारायचा प्रकार नाही. सिलिंडर आणि हेडला सिलिकॉनचा उष्णतारोधक रंगच लागतो, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवल्याशिवाय तो पक्का होत नाही.

अ‍ॅनोडायझिंगचं, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड करण्याचं, आकर्षण बऱ्याच जणांना असतं. ६०६१ सारख्या मिश्रधातूतून कोरलेल्या लिव्हर किंवा हँडल क्लॅम्पसाठी ते उत्तम आहे. इंजिन कव्हरसाठी नाही: जास्त सिलिकॉनमुळे ओतीव भागावर रंग राखाडी आणि डागाळ येतो.

उघड्या पॉलिशचा मार्ग घेतलात तर घासणं संपल्यावर त्याच दिवशी मेण लावा. मेणाचा थर दोन-तीन महिने जातो, पावसाळ्यात त्याहून कमी. जून ते सप्टेंबर मेणाऐवजी एसीएफ-५० सारखं गंजरोधक तेल पातळ पुसून ठेवणं सोयीचं. धूळ चिकटते, पण मीठ धातूपर्यंत पोचत नाही. डिस्क, ब्रेक पॅड आणि टायरपासून ते लांब ठेवा, फवारू नका, फडक्यानेच लावा.

कुठलाही रंग दिला तरी बोल्टची जागा सुटते. स्टेनलेसचे बोल्ट चमकतात म्हणून लोक बसवतात, पण ओल्या मिठात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि बोल्ट आट्यांत जाम होतो. बसवायचेच असतील तर आट्यांना पाण्याने न धुपणारं ग्रीस लावा. तांब्याची पेस्ट खाऱ्या हवेत नको. ग्रीस लावलेला एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या वर आवळू नका, आटे ओढले जातात.

धुण्याचं पाणीही बघा. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, त्याने धुवून उन्हात सुकवणं म्हणजे स्वतःच मीठ लावणं. शेवटची बादली तरी गोड्या पाण्याची असू द्या. ओल्या गाडीवर ताडपत्री टाकून बांधू नका. त्याखाली दिवसभर घाम धरतो. हवा खेळणारं कव्हर नसेल तर उघडी शेडच बरी.

अ‍ॅलॉय व्हीलला मात्र वेगळा निकष. ट्यूबलेस टायर आठवड्याला चार-पाच पीएसआय कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर उतरवून रिमवर टायरची कड (बीड) बसते ती पट्टी बघा. तिथे पांढरी पूड साचली की हवा बारीक सुटते. नायलॉन घासणीने पूड काढा, बीड सीलर लावा, एवढ्यात बहुतेक वेळा काम होतं. त्या पट्टीवर वॉटर पेपर फार चालवू नका, माप बिघडतं. व्हील पावडर करायचंच तर भट्टीतला वेळ शक्य तेवढा कमी ठेवायला सांगा, कारण जास्त वेळच्या उष्णतेने त्या धातूची ताकद उतरते. आणि खड्डा आऱ्याच्या मुळाशी असेल किंवा त्यातून केसाएवढा तडा निघालेला दिसला, तर ब्लास्ट, पॉलिश, वेल्डिंग काहीच नको. ते व्हील बदला.