जेजूला जाऊन आलो: बेटाला साडेचार स्टार, टूर कंपनीला दीड

लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि तिला कबूल केलं होतं की कोरिया दाखवणार. तीन वर्षं ती कोरियन सिरियल बघतीये, इतकी की तिची आजी म्हणजे माझी आई पण आता पोळ्या लाटता लाटता मध्येच "अय्गो" (कोरियन "अगं बाई") म्हणते. आई ६८ ची, रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते, तब्येत माझ्यापेक्षा बरी, पण कट्टर शाकाहारी. तर तिघी बायका, परका देश, कशाला धडपडायचं आपलं आपण, म्हणून कोथरूडमधल्या एका टूर कंपनीकडे बुकिंग केलं, चार रात्री जेजू (दक्षिण कोरियाचं दक्षिणेकडचं बेट) आणि दोन रात्री सोल. नाव लिहीत नाही कारण त्यांच्याशी अजून मेलामेली चालू आहे.

ब्रोशरवर लिहिलं होतं "कोरियाचं हवाई, बीच आणि रोमान्स". आई म्हणाली रोमान्स कुणाशी.

पहिला गोंधळ विमानतळावरच. आपण परदेशातून उतरतो इंचॉनला आणि जेजूची बहुतेक विमानं सुटतात गिम्पोहून, हे दोन वेगळे विमानतळ आहेत, मध्ये ट्रेनने चाळीसेक मिनिटं लागतात. कंपनीने इमिग्रेशन, बॅगा, ट्रेन सगळं मिळून अडीच तास ठेवले होते. आम्ही अठरा जण, त्यात चार जणांच्या बॅगा उशिरा आल्या, मग काय, विमान गेलं. नशीब एवढंच की सोल ते जेजू हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक आहे, स्वारगेटहून मुंबईच्या गाड्या सुटाव्यात तशी एकामागून एक विमानं सुटत असतात, त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये का होईना रात्री पोचलो. तुम्ही स्वतः जाणार असाल तर मध्ये निदान पाच तास ठेवा.

आता बेटाबद्दल, कारण ते खरंच छान आहे आणि ब्रोशरमध्ये लिहिलंय त्यातलं फारसं काही नाहीये. बीच बघायला जाऊ नका. म्हणजे ह्योपजे बीचचं पाणी हिरवंनिळं, वाळू पांढरी, समोर बियांगदो नावाचं छोटं बेट, फोटो फार सुंदर येतात, पण एप्रिलमध्ये पाण्यात पाऊल टाकलं की किंचाळायला होतं, आणि वारा. वाऱ्याबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं. तिथले लोक स्वतःच म्हणतात की आमच्याकडे तीन गोष्टी उदंड: वारा, दगड आणि बायका. पहिल्या दिवशी माझी टोपी गेली, दुसऱ्या दिवशी आईने कानटोपी काढली जी मी "नको नेऊस, लोक हसतील" म्हणून बॅगेतून दोनदा बाहेर ठेवली होती. कुणी हसलं नाही, मीच मागून घेतली.

दगड मात्र आपलाच. अख्खं बेट ज्वालामुखीतून झालेलं, जिकडे बघावं तिकडे काळा बसाल्ट, फक्त भोकाभोकांचा. शेतांना सगळीकडे गडगे आहेत, चुना माती काही न लावता नुसते दगडावर दगड रचलेले, मध्ये फटी तशाच ठेवलेल्या, त्या फटींतून वारा निघून जातो म्हणून गडगा पडत नाही. आत पिवळीधमक फुलं, आईला वाटलं मोहरी, मोहरीच्याच कुळातली आहेत ती, पण तेलासाठी कमी आणि फोटोसाठी जास्त लावत असावेत कारण काही शेतांत आत उभं राहून फोटो काढायचे हजार वॉन घेतात (म्हणजे साधारण साठ रुपये). आईने गडग्याच्या बाहेरून फोटो काढून घेतला. फुकट.

दक्षिण किनाऱ्याला जुसांगजोल्ली म्हणून जागा आहे तिथे लाव्हा थंड होताना तडकून षटकोनी खांब झालेत, समुद्राच्या काठाने रांगेने उभे, लाटा आपटतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर तोच प्रकार, पण ती इमारतींच्या गराड्यात आणि ही उघड्या समुद्रावर. इथे आम्हाला वीस मिनिटं दिली. त्याच दिवशी चहा-पावडर-क्रीमच्या एका दुकानात एक तास दहा मिनिटं दिली, मी घड्याळ लावून बघितलंय.

एका जुन्या गावात घराला फाटक नाही, दोन बाजूंना भोकं पाडलेले दगडी खांब आणि त्यात तीन आडव्या काठ्या. तिन्ही काढलेल्या असल्या तर मालक घरी आहे, एक लावलेली असली तर इथेच जवळ गेलाय येईलच, दोन म्हणजे वेळ लागेल, तीन म्हणजे लांब गेलाय, आज वाट बघू नका. ह्याला जोंगनांग म्हणतात. ग्रुपमधले सदाशिवातले एक काका हे ऐकून जागेवरच थांबले. म्हणाले आयुष्यभर पाट्या रंगवत बसलो आम्ही, ह्यांनी एक अक्षर न लिहिता काम केलंय, चौथी काठी फक्त एक ते चारची लावायला हवी होती.

हे काका दर रविवारी सिंहगड करतात आणि त्यांनी ही टूर हल्लासानसाठी घेतली होती. हल्लासान १९४७ मीटर, दक्षिण कोरियातलं सगळ्यात उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर जास्त, माथ्यावर विवरात तळं. ब्रोशरमध्ये "हल्लासान व्हिजिट" असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात बस ११०० मीटरवरच्या एका थांब्यावर नेली, तिथे टॉयलेट आणि कॉफी, आणि गाइड म्हणाला हा बघा हल्लासान. ढग होते. काकांचा चेहरा बघवत नव्हता. शिखरापर्यंत दोनच वाटा जातात, सोंगपानाक आणि ग्वानउमसा, पहिली एका बाजूने ९.६ किलोमीटर आहे, दोन्हींना आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि मधल्या चौकीला ठरलेल्या वेळेच्या आत पोचला नाहीत तर पुढे सोडत नाहीत, म्हणजे पूर्ण दिवस जातो. हे बुकिंगच्या वेळी सांगता आलं असतं की नाही? तीच गत मांजांगगुलची. लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेलं सात किलोमीटरच्या वर लांबीचं भुयार, त्यातलं एक किलोमीटर बघता येतं, ह्यासाठी मी स्वतः फार उत्सुक होते. दुरुस्तीसाठी बंद. आणि आम्ही जायच्या कितीतरी आधीपासून बंद होतं, तरी ब्रोशरमध्ये फोटोसकट.

सोंगसान इल्चुलबोंग मात्र पैसे वसूल. समुद्रात घुसलेला १८० मीटरचा सुळका, वर जाऊन बघितलं तर सुळका नाही, भलीमोठी वाटी, आत गवत. पाचेक हजार वर्षांपूर्वी उथळ समुद्रात लाव्हा वर आला, पाण्याला भिडला, स्फोट झाले आणि राखेचा हा डोंगर साठत गेला. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा धरला तर हे काल दुपारचं काम झालं. तिकीट पाच हजार वॉन, पायऱ्या बांधलेल्या, अर्ध्या तासात वर. आई माझ्या आधी पोचली आणि वरून "ये ये, सावकाश ये" म्हणून हात करत होती, ते पण व्हिडिओ कॉलवर मावशीला दाखवत.

खाली उतरलं की एका खाचेत काळ्या वाळूचा किनारा आहे, तिथे दुपारी हेन्यो बायकांचा कार्यक्रम असतो. हेन्यो म्हणजे सिलिंडर न लावता समुद्रात बुडी मारून शंख, शिंपले, शेवाळ काढणाऱ्या बायका, दहा मीटर खाली जातात, एक-दोन मिनिटं श्वास धरतात, आणि बहुतेक जणी साठीच्या पुढच्या, काही ऐंशीच्या जवळच्या. गाणं म्हटलं, पाण्यात उतरल्या, वर आल्या, हातात ऑक्टोपस, लोकांच्या टाळ्या. मला थोडं अवघडल्यासारखं झालं खरं सांगायचं तर. पण पाण्यातून वर आल्यावर त्या जो श्वास सोडतात त्याची शीळ वाजते, सुंबिसोरी म्हणतात त्याला, ती आम्ही गर्दीच्या बाहेर येऊन कठड्यापाशी उभ्या राहिलो तेव्हा नीट ऐकू आली. लेक एरवी कानात ते हेडफोन घालून असते, तिने काढले.

तिसऱ्या दिवशी ब्रोशरप्रमाणे टेडी बेअर म्युझियम आणि शॉपिंग होतं. आम्ही गाइडला सांगितलं आम्ही येत नाही, त्याने एका कागदावर सही घेतली की जबाबदारी आमची. मग जेजू शहरातून २०१ नंबरची बस पकडली, पूर्व किनाऱ्याने जाते, टी-मनी कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) चालतं. गूगल मॅपवर विसंबू नका, तिथे तो धड रस्ता दाखवत नाही, नेव्हर मॅप हे ॲप टाकून घ्या. हेन्यो म्युझियमच्या स्टॉपवर उतरलो. तिकीट नावाला, गर्दी शून्य, आणि पूर्ण ट्रिपमधले सगळ्यात चांगले दोन तास इथे गेले.

आत हेन्योंची अवजारं मांडलीयेत, रबरी सूट यायच्या आधीचे सुती कपडे, आणि तेवाक. तेवाक म्हणजे तरंगायला धरायचा गोळा, त्याला जाळी बांधलेली, मिळालेलं सगळं त्या जाळीत टाकायचं. आता थर्माकोलसारख्या फोमचा असतो पण जुना तेवाक हा सुकवलेला भोपळा आहे. आई त्या काचेसमोर जी उभी राहिली ती हलेना. तिचं माहेर वाईजवळचं, आजोबांनी तिला मळ्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून ढकलून दिलं होतं, अशीच शिकली ती पोहायला. ही गोष्ट मला माहीत होती पण मी कधी त्या भोपळ्याचा विचार केला नव्हता, दोरी कशी बांधायचे, बी कसं काढायचे, आत पाणी शिरू नये म्हणून बुचाला काय लावायचे. तिने तिथे उभं राहून सगळं सांगितलं, नातीला, मराठीत, मोठ्या आवाजात. शेजारी तिथली एक म्हातारी झाडू मारत होती ती पण थांबून ऐकायला लागली, मग आईने काचेतला भोपळा दाखवला, स्वतःची पाठ दाखवली आणि हातवारे करून पोहून दाखवलं. म्हातारी इतकी हसली. तिने आईला खिशातून एक संत्रं काढून दिलं. हाच जेजूचा हल्लाबोंग, देठाकडे टेंगूळ असलेला, हल्लासानसारखा दिसतो म्हणून ते नाव. गोड आहे, सालीला वास फार सुंदर.

तिथून सोंगसानच्या बंदरातून बोटीने उदोला, पंधरा मिनिटं. उदो म्हणजे गायबेट, लांबून आडवी बसलेली गाय दिसते म्हणे, मला नाही दिसली, आईला दिसली. शेंगदाण्याचं आइस्क्रीम खा, तिथले दाणे बारके आणि सालासकट खातात. इथला पांढरा किनारा वाळूचा नाहीये, समुद्री शेवाळाचे चुनखडी गोळे आहेत, पॉपकॉर्नसारखे. आई जाईल तिथून एक खडा आणून तुळशीत ठेवते, तिने उचललाच, पण इथून दगड, गोळे काहीही न्यायला बंदी आहे, पाटीच लावलीये. तीनदा विचारलं कोण बघतंय, मग ठेवला परत. शेवटची बोट संध्याकाळी लवकर असते, विचारून ठेवा.

खाण्याचं. मी आणि लेक सगळं खातो, त्यामुळे काळं डुक्कर खाल्लं, कोळशावर, जाडजूड तुकडे, उत्तम. गाल्ची म्हणजे आपली वाकटीच, पण हातभर लांब आणि रुंद, मुळ्याबरोबर लालभडक रस्सा करतात, मला तर मालवणच्या कुणीतरी केलाय असं वाटलं, फक्त खोबरं नाही. शाकाहारी लोकांनी मात्र मनाची तयारी करून जा. किमचीत मासळीचा सॉस असतो, सूपमध्ये सुक्या मासळीचं पाणी, "व्हेज" म्हटलं तर ते मांस काढून देतात आणि खाली रस्सा तोच. कंपनीने "रोज इंडियन डिनर" म्हटलं होतं, ते चारही रात्री तेच पनीर आणि तोच पुलाव, एका रात्री तर पुलाव थंड. आई मेतकूट आणि हॉटेलच्या भातावर जगली, बाजारातून ओमेगीत्तोक आणलं, चिकट पिठाचा गोळा आणि आत लाल चवळीसारखं गोड पुरण, ते तिला आवडलं.

एक गोष्ट ब्रोशरमध्ये नव्हती. आमच्या बस ड्रायव्हरच्या कोटाला लाल फुलाची पिन होती, लेकीने फोनवर ट्रान्सलेट करून विचारलं, तो म्हणाला चार-तीन. ३ एप्रिल १९४८ ला इथे उठाव झाला आणि तो मोडताना पुढे १९५४ पर्यंत पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, म्हणजे बेटावरचा दर दहावा माणूस. अनेक वर्षं त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, सरकारने माफी मागितली ती २००३ मध्ये. शेवटच्या सकाळी टॅक्सी करून आम्ही ह्या घटनेच्या आठवणीसाठी केलेल्या शांतता पार्कला गेलो. आत म्युझियममध्ये एक पांढरा दगड आडवा ठेवलाय, कोरा, कारण ह्या घटनेला नाव काय द्यायचं हेच अजून ठरलेलं नाही. ज्या विमानतळावरून आम्ही दुपारी निघालो तिथल्या जमिनीतून पण नंतर सांगाडे निघालेत. विमान उडालं तेव्हा तिघीही खिडकीतून खाली बघत होतो, कुणी फोटो काढला नाही.

तर, जेजूला निदान पाच रात्री द्या, ग्रुपने जायची गरज नाही, बस आणि टॅक्सीने सगळं होतं, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून तिथे पण पावसाळा असतो तो टाळा. मांजांगगुल उघडलंय का आणि हल्लासानची नोंदणी मिळतीये का हे बघून मगच तारखा धरा.

कंपनीला मी दोन मेल केले, काकांनी तीन. उत्तर म्हणून प्रत्येकाला पुढच्या टूरवर पाच हजाराचं व्हाउचर आलंय. कुणाला हवं असेल तर देऊन टाकते म्हणत होते, पण आईने चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली, दुसऱ्याला देता येत नाही.